समुद्रातले महाकाय जीव, खरे आणि कल्पनेतले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातल्या राक्षसांचा विषय निघाला की प्रश्न बहुतेक तेच येतात, फक्त विचारणाऱ्याचं वय बदलतं. सहा वर्षांच्या मुलाला मेगालोडॉन हा लुप्त झालेला महाकाय शार्क जिवंत हवा असतो. साठीच्या माणसालाही मनातून तो हवाच असतो, पण तो तसं कबूल करत नाही. नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण ती तशीच आहेत.

सगळ्यात मोठा प्राणी कोणता?

निळा देवमासा. खात्रीने मोजलेली लांबी सुमारे ३० मीटर आणि वजन दीडशे टनांच्या वर. हे वजन कसं काढलं, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. एवढा प्राणी एका काट्यावर चढवणं कोणालाच जमलेलं नाही. विसाव्या शतकात शिकारीच्या तळांवर देवमासे कापले जात, तेव्हा त्यांचे तुकडे वेगवेगळे तोलले गेले, बेरीज केली आणि वाहून गेलेल्या रक्ताचा अंदाज वरून मिळवला. म्हणजे पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या प्राण्याचं वजनही आपल्याला तुकड्यातुकड्यानेच कळलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

२०१४ साली न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लागलेल्या एका निळ्या देवमाशाचं हृदय जतन केलं गेलं. त्याचं वजन सुमारे १८० किलो. मोटारगाडीएवढं हृदय असतं असं सगळीकडे लिहिलेलं आढळतं, तेवढं ते नाही. पण त्याच्या ठोक्यांची गोष्ट गाडीपेक्षा भारी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार खोल बुडी मारल्यावर निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके एकेकदा मिनिटाला फक्त दोन पडतात आणि वर येऊन श्वास घेताना मिनिटाला पस्तिसाच्या आसपास.

आजवरचाही सर्वांत मोठा तोच का? डायनासोर नाहीत का?

वजनात तरी अजून तोच, डायनासोर धरूनही. मधूनमधून स्पर्धक येतात. २०२३ मध्ये पेरू देशात सापडलेल्या ‘पेरुसेटस’ या प्राचीन देवमाशाचं वजन ३४० टनांपर्यंत असू शकेल असं जाहीर झालं आणि बातम्यांनी निळ्या देवमाशाला गादीवरून उतरवलंही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी तेच हिशेब पुन्हा मांडले, तेव्हा आकडा बराच खाली आला. हाती होते काही मणके, काही बरगड्या आणि कमरेचं एक हाड. एवढ्या सामग्रीवर ३४० टन उभे करायला थोडं धाडस लागतं आणि थोडी हौसही.

२०२४ मध्ये नाव मिळालेला इक्थिओटायटन हा सागरी सरपटणारा प्राणी सुमारे २५ मीटरचा असावा. त्याचा पुरावा म्हणजे जबड्याची हाडं.

एवढे मोठे प्राणी समुद्रातच का?

जमिनीवर वजन पायांना पेलावं लागतं. पाण्यात ते पाणीच पेलतं, हे शाळेत शिकलेलं उत्तर. ते खरं आहे, पण अपुरं. नुसतं पेलण्याचाच प्रश्न असता तर समुद्रातले सगळेच जीव अवाढव्य झाले असते.

खरा अडसर पोट भरण्याचा आहे. निळा देवमासा क्रिल नावाच्या बोटाएवढ्या जीवांवर जगतो. क्रिलच्या दाट थव्यावर तो तोंड उघडून झेप घेतो, गळ्याखालच्या चुण्या फुग्यासारख्या फुगतात आणि मग जबड्यातल्या झालरीतून पाणी बाहेर ढकलून क्रिल आत ठेवतो. एका घासात टनावारी पाणी. हे परवडतं ते थवा दाट असेल तरच. देवमाशांचा आकार बेसुमार वाढला तो गेल्या काही दशलक्ष वर्षांतच. थंड पाण्याचे प्रवाह ठरावीक जागी, ठरावीक ऋतूत वर येऊ लागले, तिथे अन्न गच्च साचू लागलं आणि दोन मेजवान्यांमधला लांबचा प्रवास मोठ्या शरीरालाच झेपू लागला.

खोल समुद्राची तऱ्हा वेगळी. तिथे थंडी आहे, जगणं संथ आहे आणि अन्न क्वचित मिळतं. समुद्रतळावरचा एक आयसोपॉड घरातल्या ओल्या कोपऱ्यात दिसणाऱ्या चिमुकल्या किड्याचा भाऊबंद, पण लांबीला फूटभराहून अधिक. जपानी कोळी-खेकड्याच्या पायांचा विस्तार ३.७ मीटर. अशा आकारांमागचं नेमकं कारण कोणतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. थंडी, प्राणवायू आणि उपासमार सोसण्याची ताकद, तिन्हींचा वाटा असावा.

क्राकेन खरा होता का?

उत्तरेकडच्या दंतकथांतला हा समुद्रराक्षस खरा नव्हता, पण तो हवेतूनही आलेला नव्हता.

बर्गनचे बिशप एरिक पॉन्टोप्पिडान यांनी १७५०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या निसर्गावर एक ग्रंथ लिहिला. त्यातल्या क्राकेनचा घेर दीड मैल, पाठ म्हणजे जणू बेटांचा पुंजका. गंमत अशी की त्यांनी ज्या मच्छीमारांकडून हे ऐकलं, त्यांना क्राकेनची भीती कमी आणि फायदा जास्त वाटत होता. तो खाली असला की वर मासळी भरपूर मिळते, अशी त्यांची समजूत. धोका एवढाच की तो बुडी मारताना भोवरा होतो, म्हणून वेळेत काढता पाय घ्यावा. जहाजाला मिठी मारून बुडवणारा क्राकेन नंतरचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला देनी द मॉन्फोर या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने जहाजाला कवटाळणाऱ्या प्रचंड ऑक्टोपसचं चित्र छापलं. १७८२ साली ब्रिटिशांची दहा जहाजं अशाच प्राण्यांनी एका रात्रीत नेली, असंही त्याने ठोकून दिलं. ती जहाजं वादळाने गाठलेली होती. त्याची जी अब्रू गेली ती परत आली नाही.

मधल्या काळात खरा प्राणी हळूहळू, अवयवाअवयवाने पुढे येत होता. १८५३ मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्यावर एक भलंमोठं धूड लागलं. त्याचे तुकडे करून ते आमिष म्हणून वापरले गेले आणि शिल्लक उरली फक्त चोच. त्या चोचीवरून यापेटस स्टीनस्ट्रुप यांनी १८५७ मध्ये ‘आर्किट्युथिस’ हे नाव दिलं. हाच महाकाय स्क्विड, म्हणजे माकूळ, ऑक्टोपसचा भाऊबंद. १८६१ मध्ये टेनेरीफ बेटाजवळ ‘अलेक्टॉन’ या फ्रेंच जहाजाला तो पाण्यावर दिसला. खलाशांनी फास टाकून ओढला, तर दोरी मांसातून कापत गेली आणि हाती आला शेपटाकडचा तुकडा. मोठमोठ्या विद्वानांना तो अहवाल पटला नाही. शेवटी १८७३ च्या अखेरीस न्यूफाउंडलंडमध्ये मोझेस हार्वी या पाद्र्याने मच्छीमारांकडून एक पूर्ण स्क्विड विकत घेतला, घरातल्या न्हाणीच्या पडद्याच्या दांडीवर त्याच्या भुजा लटकवल्या आणि फोटो काढवून घेतला. शेकडो वर्षांच्या दंतकथेचा निकाल न्हाणीघरात लागला.

जिवंत स्क्विड त्याच्या स्वतःच्या घरात दिसायला मात्र आणखी सव्वाशे वर्षं गेली. २००४ मध्ये त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी जपानच्या ओगासावारा बेटांजवळ पहिले फोटो मिळवले. २०१२ मध्ये त्याच भागात पहिलं चलचित्रण झालं. त्यात तो चंदेरी-सोनेरी झळाळताना दिसतो. किनाऱ्यावर लागलेल्या फिकट, लिबलिबीत मढ्यांवरून या रंगाची कल्पनाच येत नव्हती.

महाकाय स्क्विड आणि ‘कोलोसल’ स्क्विड एकच का?

नाही. आर्किट्युथिस लांब, सुमारे १२ मीटरपर्यंत, पण त्यातली बरीचशी लांबी दोन बारीक शुंडकांची, म्हणजे भुजांहून लांब असलेल्या सोंडांची. जुन्या नोंदींत १८ मीटर वगैरे सापडतात. मेलेल्या स्क्विडची शुंडकं रबरासारखी ताणली जातात आणि मोजणाऱ्यालाही मोठा आकडा आवडतो, हे ध्यानात घ्यावं.

कोलोसल स्क्विड आखूड पण जाडजूड आणि वजनदार. अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्यात त्याचा वास. त्याची पहिली ओळख १९२५ मध्ये झाली तीही एका स्पर्म व्हेलच्या, म्हणजे खोल पाण्यात शिकार करणाऱ्या दातांच्या देवमाशाच्या, पोटात सापडलेल्या भुजांवरून. त्याच्या भुजांवर आणि शुंडकांवर चिकटून धरणाऱ्या चूषकांबरोबर गळासारखे अणकुचीदार आकडेही असतात. २००७ मध्ये रॉस समुद्रात सापडलेली मादी ४९५ किलोंची भरली. स्पर्म व्हेलच्या पोटात यापेक्षाही मोठ्या चोची मिळाल्या आहेत, तेव्हा आणखी मोठे असणारच. २०२५ च्या मार्चमध्ये साउथ सँडविच बेटांजवळ सुमारे ६०० मीटर खोलीवर तो पहिल्यांदा त्याच्या घरात जिवंत चित्रित झाला. शंभर वर्षं वाट पाहिल्यावर समोर आलं ते फूटभर लांबीचं, काचेसारखं पारदर्शक पिल्लू!

दोघांचे डोळे सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढे. अंधारात एवढा डोळा कशाला? स्पर्म व्हेल पाणी कापत येतो तेव्हा वाटेतले बारीक जीव डिवचले जाऊन चमकतात. तो अंधुक प्रकाशाचा आकार शंभराहून अधिक मीटरवरून दिसावा म्हणून, असं २०१२ मध्ये मांडलं गेलेलं एक स्पष्टीकरण आहे. मला ते फार आवडतं. राक्षसाला दुसऱ्या राक्षसाची भीती आहे म्हणून त्याचे डोळे मोठे.

असा स्क्विड जहाज बुडवू शकतो का?

नाही. त्याच्या मांसात तरंगण्यासाठी अमोनियाचे क्षार भरलेले असतात आणि पृष्ठभागावर तो दिसतो तेव्हा बहुधा मरणपंथाला लागलेला असतो. जहाज बुडवण्याचा मान स्पर्म व्हेलचा. २० नोव्हेंबर १८२० रोजी प्रशांत महासागरात एका स्पर्म व्हेलने ‘एसेक्स’ या शिकारी जहाजाला धडका देऊन ते बुडवलं. जहाज कशासाठी तिथे आलं होतं ते पाहता त्याला दोष देणं अवघड आहे.

समुद्रसर्प पाहिल्याच्या एवढ्या साक्षी आहेत, त्या सगळ्या खोट्या का?

बऱ्याचशा प्रामाणिक आहेत. ६ ऑगस्ट १८४८ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये ब्रिटिश युद्धनौका ‘डीडालस’च्या कप्तानाने आणि अधिकाऱ्यांनी एक लांब प्राणी डोकं पाण्याबाहेर ठेवून जाताना पाहिला. पाण्याच्या पातळीवर दिसणारा भागच सुमारे १८ मीटर. तो मोठा सील असावा असं शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन म्हणाले. कप्तान भडकला आणि आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. अलीकडे एक अंदाज पुढे आला आहे तो असा: पृष्ठभागालगत तोंड उघडं ठेवून खात जाणारा सेई व्हेल. त्याचा वरचा जबडा चपटा आणि सापाच्या डोक्यासारखा दिसतो.

कप्तानाची नजर चांगली होती, पण त्याला दिसला तो पाण्याच्या वरचा थोडासा भाग. पाण्याखालचं बाकीचं धड त्याच्या मनाने भरून काढलं. आपणही तेच केलं असतं.

मग किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या ‘राक्षसां’चं काय? ते तर अख्खे असतात.

अख्खे नसतात, हाच तर घोटाळा आहे. बास्किंग शार्क मरून कुजला की त्याचा सैल जबडा आणि कल्ले आधी गळून पडतात. उरते छोटी कवटी आणि मागे लांबलचक कणा. म्हणजे बघता बघता लांब मानेचा, इवल्या डोक्याचा प्राचीन सागरी सरडा तयार. १८०८ मध्ये ऑर्कनी बेटांतल्या स्ट्रॉन्से इथे असंच ५५ फुटी धूड लागलं. एडिनबराच्या मंडळींनी त्याला नवा प्राणी ठरवून नाव दिलं आणि नावात आपल्या बिशप पॉन्टोप्पिडानना गुंफलं. लंडनच्या तज्ज्ञाने मणके पाहून सांगितलं, हा शार्क आहे. १९७७ मध्ये न्यूझीलंडजवळ ‘झुइयो मारू’ या जपानी जहाजाच्या जाळ्यात दहा मीटरचा तसाच प्रकार आला. पकडलेली मासळी खराब होईल म्हणून तो परत समुद्रात टाकला गेला. सोबत ठेवलेल्या तंतूंच्या तपासणीतून पुन्हा बास्किंग शार्कच निघाला.

बिनहाडाचा, पांढरट, रबरासारखा गोळा सापडला तर ती बहुतेक देवमाशाची चरबी असते. १८९६ चा फ्लोरिडाचा ‘महाऑक्टोपस’ आणि २००३ चा चिलीचा गोळा, दोन्ही तपासणीअंती देवमासेच निघाले.

मेगालोडॉन अजून जिवंत असू शकतो का?

नाही. तो सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी संपला. शार्कचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत राहतात, एकेका शार्कचे हजारोंनी. तो असता तर त्याचे ताजे दात समुद्रतळावर विखुरलेले मिळाले असते. ‘चॅलेंजर’ या समुद्रसंशोधन मोहिमेने १८७० च्या दशकात प्रशांत महासागराच्या तळातून त्याचे दात काढले होते. त्यांवरच्या मँगनीजच्या थराच्या जाडीवरून पुढे कोणीतरी ते काही हजार वर्षांचेच असल्याचं गणित केलं. हा थर सगळीकडे एकाच गतीने साचत नाही, त्यामुळे ते गणित टिकलं नाही. ‘खोल गर्तेत लपला असेल’ हेही चालत नाही. हा उबदार, उथळ पाण्यात मोठी शिकार खाणारा प्राणी. गर्तेत नेऊन ठेवला तर उपाशी मरेल.

त्याचा सांगाडा कूर्चेचा असल्याने मागे उरले आहेत ते मुख्यतः दात आणि थोडे मणके. म्हणूनच त्याची लांबी दर काही वर्षांनी बदलते. २०२५ मध्ये मांडलेला आकडा २४ मीटरपर्यंत जातो आणि बांधाही आधी समजत होते त्यापेक्षा सडपातळ. त्याचं जे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे ते फुगवलेल्या पांढऱ्या शार्कचं आहे.

‘ब्लूप’ हा आवाज कोणाचा होता?

बर्फाचा. १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेने पाण्याखालच्या मायक्रोफोनवर तो टिपला. हजारो किलोमीटरवर ऐकू गेलेला हा आवाज अंटार्क्टिकाकडचा हिमखंड तडकल्याचा होता. एवढा मोठा आवाज काढणारा प्राणी नसल्याचं अनेकांना अजून वाईट वाटतं.

आपल्या साहित्यातला तिमिंगिल कोणता मासा?

‘तिमि’ म्हणजे प्रचंड मासा. त्याला गिळतो तो तिमिंगिल. आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल. हा शब्द ज्याने घडवला त्याला थांबायचं कुठे ते कळलं नाही आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. मकर तर आणखी मोकळा. कधी मगर, कधी मासा, मध्येच हत्तीची सोंड. तो वरुणाचं आणि गंगेचं वाहन आहे आणि मकरकुंडलं होऊन विठ्ठलाच्या कानातही आहे. त्याचा खरा प्राणी शोधण्यात अर्थ नाही.

कालिदासाचा तिमि मात्र थांबून वाचावा असा आहे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवतो. नदीच्या मुखाशी हे तिमी तोंड उघडून जीवजंतूंसकट पाणी आत घेतात, तोंड मिटतात आणि डोक्यावरच्या छिद्रांतून पाण्याचे झोत वर सोडतात. तोंड उघडून जीवांसकट पाणी घेणं, डोक्यावर छिद्र असणं, वर झोत उडणं, तिन्ही बाबी बरोबर. चूक आहे ती जोडणीत. घेतलेलं पाणी जबड्यातल्या झालरीतून, तोंडाच्या कडांनीच बाहेर पडतं आणि वर उडतो तो श्वास, त्यातल्या बाष्पामुळे दिसणारा. ज्याला आतलं काही दिसणं शक्य नव्हतं, त्याने बाहेरच्या तीन गोष्टी एका धाग्यात ओवल्या. पॉन्टोप्पिडानपेक्षा हे निरीक्षण कितीतरी सरस आहे.

देवमासा माणसाला गिळू शकतो का?

निळा देवमासा अजिबात नाही. तोंड खोलीएवढं असलं तरी घसा फार अरुंद. २०२१ मध्ये अमेरिकेच्या केप कॉडजवळ एक पाणबुड्या हंपबॅक देवमाशाच्या तोंडात गेला होता. साधारण अर्ध्या मिनिटात देवमाशाने त्याला थुंकून टाकलं. घशाच्या मापाचा विचार केला तर शंका फक्त स्पर्म व्हेलबद्दल घेता येईल आणि त्याचं जेवण खोल अंधारात असतं.

ओअरफिश दिसला की भूकंप होतो, हे खरं का?

नाही. आठेक मीटर लांबीचा, रिबिनीसारखा, डोक्यावर लाल तुरा असलेला हा मासा जपानमध्ये समुद्रदेवाच्या महालाचा दूत मानला जातो. २०१९ मध्ये जपानी अभ्यासकांनी जुन्या नोंदी आणि भूकंप ताडून पाहिले, संबंध आढळला नाही. पाण्यावर दिसणारे ओअरफिश बहुतेक आजारी किंवा मरणोन्मुख असतात.

अजून न सापडलेला एखादा महाकाय प्राणी असेल का?

असू शकतो. खोल समुद्रतळाचा ०.००१ टक्क्याहूनही कमी भाग आजवर डोळ्यांनी पाहिला गेला आहे. १९७६ मध्ये हवाईजवळ अमेरिकी नौदलाच्या जहाजाच्या तरंगत्या नांगरात साडेचार मीटरचा एक शार्क अडकला. तो पूर्णपणे अनोळखी निघाला. हाच मेगामाउथ. एवढा मोठा मासा, आणि तो कोणी शोधायला गेलेलं नव्हतं. ‘स्पेड-टूथ्ड’ देवमासा तर १८७० च्या दशकात सापडलेल्या एका जबड्यामुळे माहीत झाला. जिवंत असा तो आजही कोणी ओळखून पाहिलेला नाही. २०२४ मध्ये न्यूझीलंडला एक ताजं शव लागलं, तेव्हा पहिल्यांदा त्याचं पोट उघडून पाहता आलं.

पण हवेत श्वास घेणारा, कळपाने राहणारा वीस मीटरचा सरडा? त्याला दिवसातून अनेकदा वर यावं लागेल आणि आज समुद्रावर जहाजं, उपग्रह आणि मोबाइल कॅमेरे आहेत. तो नाही.

आपल्याला यांचं एवढं वेड का?

अज्ञाताची भीती, हे ठरलेलं उत्तर मला अर्धवट वाटतं. भीती आपल्यापेक्षा देवमाशांना वाटायला हवी होती. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात साडेतीन लाखांच्या आसपास निळे देवमासे मारले गेले. १५३९ च्या ओलाउस मॅग्नस यांच्या उत्तर युरोपच्या नकाशावर जहाजांवर धावून जाणारे राक्षस आहेत. चारशे वर्षांनी तेच प्राणी तेल आणि मार्गारिन झाले होते. मग १९७० मध्ये हंपबॅकच्या गाण्याची रेकॉर्ड निघाली आणि लोकांचं मन पालटलं. व्यापारी शिकारीवरची बंदी १९८६ पासून लागू झाली. १९७७ मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर अवकाशयानांसोबत माणसांच्या शुभेच्छांमध्ये देवमाशाचा आवाजही गेला. राक्षस, मग माल, मग गायक. प्राणी मात्र तोच.

मला वाटतं, ओढ आहे ती अपुऱ्या चित्राची. हत्ती समोर उभा राहतो आणि एका नजरेत संपतो. देवमाशाची पाठ दिसते, मग शेपूट दिसते, मग पाणी. बाकीचं काम आपल्यावर सोपवलेलं असतं.

यातलं काही प्रत्यक्ष पाहता येतं का?

हो. ४९५ किलोंची कोलोसल स्क्विड मादी वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात २०१७ पासून ‘होप’ नावाच्या निळ्या देवमाशाचा २५ मीटरचा सांगाडा झेप घेतल्यासारखा टांगलेला आहे. १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकलेली ही मादी. त्याच संग्रहालयाच्या तळघरात ८.६२ मीटरचा महाकाय स्क्विड साडेनऊ मीटरच्या काचपेटीत जतन केलेला आहे, पण तिथे मार्गदर्शकासोबतच जाता येतं. एवढी लांब पेटी की एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक नीट दिसत नाही. चोचीपासून सुरुवात करून कडेकडेने चालत जावं लागतं.